वजा एक सेंटिमीटर

३ फेब्रुवारी

प्रिय मुंगे,

तुझं पत्र टपालपेटीतून काढलं तेव्हा त्यावर एक गोगलगाय बसली होती. ती आणि टपालखातं, दोघं एकाच वेगाने चालतात. भाची म्हणते, "आत्या, तुम्ही दोघी फोन का नाही करत?" मी सांगितलं, फोनवर मला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू मला बोलू देत नाहीस.

निवृत्तीला दोन वर्षं झाली. छत्तीस वर्षं मुलींना नद्या, वारे आणि खडक शिकवले (मधली दोन सोडून. ती कुठे गेली ते तुला माहीत आहे). सुरुवातीला वाटलं, आता काय करायचं? मग एक काम सापडलं. वर्षभर ते करत होते आणि कोणाला सांगत नव्हते. गेल्या आठवड्यात ते लिहून संपवलं. भाचीने टाइप करून दिलं, दर पानाला एकदा उसासा टाकत. आणि ते एका ठिकाणी पाठवलंही.

काय लिहिलं आणि कुठे पाठवलं, ते आत्ता विचारू नकोस. तुझ्या कामाचे नियम मला ठाऊक आहेत. तुला काही माहीत नसलेलंच बरं. एवढंच सांगते, एकसष्टाव्या वर्षी मी दिवसातून तीनदा टपालपेटी उघडून बघते आहे.

गुडघा कसा आहे? सून म्हणते तसा जिना कमी कर.

तुझी,
उंट


१४ फेब्रुवारी

प्रिय उंटा,

गुडघा आहे तिथेच आहे आणि जिनाही. चष्मेवाल्याच्या दुकानावर आमच्या ऑफिसच्या दोन खोल्या, चोवीस पायऱ्या. सव्वीस वर्षं चढते आहे. आता पायऱ्याच मला ओळखतात.

तू लिहिलंस ते शाळेच्या आठवणी असणार. मी तेवढी भोळी नाही. सिस्टरांच्या छत्रीवर एक प्रकरण हवं, आणि मला जिन्यावरून घसरताना दाखवलंस तर याद राख.

माझ्याकडे मात्र या आठवड्यात खरी गंमत झाली. तुला माहीत आहे, आमच्या शोधपत्रिकेत कुठलाही लेख परीक्षकांकडे जायच्या आधी माझ्या टेबलावर येतो. लेखकाचं नाव संपादकबाई आधीच काढून ठेवतात. मग तो प्रोग्रॅममध्ये घालायचा. प्रोग्रॅम जगभरच्या छापलेल्या मजकुराशी तो ताडून बघतो आणि जे सारखं निघेल ते रंगवून देतो. बहुतेकांचं दहा टक्के, बारा टक्के रंगतं. त्यात काही नाही, पद्धत सांगताना सगळे तेच बोलतात. पण परवाच्या लेखाचं तिसरं पान बाहेर आलं ते कुंकवाची पुडी सांडल्यासारखं. अडतीस टक्के! आणि सगळं एकाच लेखातून. कोणाच्या? सांग बघू.

तुझ्या सरांच्या. तोच दगडफुलांचा लेख, चौतीस वर्षांपूर्वीचा, आमच्याच पत्रिकेत आलेला. पाण्याच्या जुन्या टाकीच्या भिंतीवर कणाकणाने पसरणाऱ्या दगडफुलांची वर्तुळं मोजली होती, तो. तू मला त्याची छापील प्रत पाठवली होतीस, आठवतं? वर लिहिलं होतंस, 'सरांनी किती सुंदर लिहिलंय बघ.' आता कोणी पोरगा त्याच भिंतीवर पुन्हा मोजायला गेलाय. जावं की, चांगलंच आहे. पण जुन्या मोजणीचं सगळं वर्णन जसंच्या तसं उचललं! खालच्या यादीत सरांच्या लेखाचं नाव आहे, पण वाक्यांना अवतरणचिन्हं कुठेच नाहीत. म्हणजे सोनाराचा पत्ता सांगायचा आणि दागिना खिशात घालायचा.

पेन्सिल घेऊन दोन्ही लेख शेजारी शेजारी लावून बसले. एक एक ओळ. 'दगडफुलाला घाई माहीत नाही. घाई असते ती मोजणाऱ्याला.' हे सुद्धा उचललं, मेल्याने! चोराला चव आहे, हे मात्र मानायला हवं.

लेखकाला जायचं पत्र मीच लिहिलं. कडक लिहिलं. तुझ्या सरांच्या वतीने मला जो राग आला तो सगळा त्यात घातला. वाचून तुला बरं वाटलं असतं.

तुझी,
मुंगी


२ मार्च

प्रिय मुंगे,

तुझ्या चोराबद्दल वाचलं.

इकडे विशेष काही नाही. मोरीचा नळ गळत होता, तो बदलला. भाचीची परीक्षा आली आहे.

सहज विचारते, अशा माणसाचं पुढे काय करता तुम्ही? समजा तो म्हणाला की चूक झाली, लेख परत द्या, तर विषय तिथेच मिटतो का? की मूळ लेखकालाही काही कळवता? सरांना आता सत्त्याऐंशीवं चालू आहे. मुलीकडे असतात. सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही म्हणे. त्यांना या सगळ्याचा त्रास होऊ नये, एवढंच.

तुझी,
उंट


९ मार्च

प्रिय उंटा,

किती ग तुझा जीव त्या सरांवर! काळजी करू नकोस, त्यांना कोण त्रास देतंय? त्यांचं तर चोरीला गेलंय.

रीत अशी आहे. आधी लेखकाला विचारायचं. एकवीस दिवस द्यायचे. कित्येकदा खरंच नकळत झालेलं असतं. कोणी टिपणं काढताना अवतरणचिन्हं घालायला विसरतं, कोणाला कोणी शिकवलेलंच नसतं. अशांना आम्ही लिहायला शिकवतो आणि पुन्हा पाठवायला सांगतो. नव्या माणसांना मी नेहमी सांगते, यंत्राला सारखेपणा कळतो, चोरी कळत नाही. चोरी आहे की नाही ते माणसाने बघायचं, तेही दोघांनी. लेखक ओळखीचा निघाला तर फाइल खाली ठेवून बाजूला व्हायचं. हा शेवटचा नियम माझा, मीच करून घेतला.

उत्तरच आलं नाही, किंवा गपचूप लेख मागे घेतला, तर मात्र कठीण. मग आमच्या वहीत नोंद होते, आणि या विषयाच्या इतर पत्रिकांनाही कळवतो. पुन्हा त्या माणसाचा लेख कोणी उघडत

१५ मार्च

उंटा, वरचं वाक्य अर्धं राहिलं, कारण संपादकबाईंनी हाक मारली. त्या दिवशीच्या टपालात त्या लेखकाचं उत्तर आलं होतं. एकच ओळ: 'मी लेख मागे घेत आहे.' उत्तर आलं की नावाचं पाकीट उघडतात. मी ते उघडलं.

सहा दिवस हे पत्र पर्समध्ये घेऊन फिरते आहे. अक्षर तुझं. पत्ता तुझा. मोरीचा नळ बदलला ते घर.

मी तुला काय काय लिहिलं, ते आठवून कानशिलं तापतात. पण खरं सांगू, लाजेपेक्षा जास्त मला काही कळतच नाही. तू? वर्गात कोणी तुझी वही बघितली तर तू हाताने झाकायचीस, आणि दुसऱ्याची उघडी पडली असली तर मान फिरवायचीस. मग हे कसं ग झालं?

मुंगी


२४ मार्च

प्रिय मुंगे,

तुझ्या ऑफिसचं पत्र उघडलं तेव्हा खाली सही संपादकबाईंची होती. पण मधे एक वाक्य होतं, 'उसन्या वाक्याला त्याच्या मालकाचं नाव लावणे आवश्यक आहे.' सिस्टर दर सोमवारी फळ्यावर लिहायच्या ते. तिथेच ओळखलं, हे मुंगीने लिहिलंय. दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं, कुंकवाच्या पुडीचं. दोन्ही शेजारी शेजारी लावून बसले. पेन्सिल मात्र घेतली नाही.

रागावले होते. आता नाही. तू तुझं काम केलंस, आणि चांगलं केलंस.

ती वाक्यं माझी आहेत, मुंगे.

सव्वीस वर्षांची होते. शाळेतून दोन वर्षं रजा घेऊन सरांकडे मदतनीस म्हणून राहिले होते. त्या भिंतीवरची एकशे बारा वर्तुळं मी मोजली. सकाळी उन्हं यायच्या आधी जायचे. संध्याकाळी वहीत नुसते आकडे लिहून पोट भरायचं नाही, म्हणून वर्णनही लिहायचे. सर वही वाचायचे, समासात बरोबरची खूण करायचे, 'छान' म्हणायचे. मग आई आजारी पडली, मी घरी आले, वही सरांकडे राहिली. वर्षाने लेख छापून आला. उघडला, तर माझीच संध्याकाळ समोर. खाली सरांचं नाव. शेवटी आभारात 'एका साहाय्यिकेचे'.

तेव्हा तशीच पद्धत होती ग. मदतनिसांची नावं कोणीच घालायचं नाही. सर वाईट नव्हते. आईच्या आजारपणात तीन वेळा घरी येऊन गेले.

तुला प्रत पाठवली आणि वर ते लिहिलं, 'सरांनी किती सुंदर लिहिलंय.' का लिहिलं सांगू? कोणीतरी 'हो, खरंच सुंदर आहे' असं म्हणावं, म्हणून. तू म्हणालीस. ते पत्र मी जपून ठेवलंय.

गेल्या वर्षी पुन्हा भिंतीवर गेले. लेख लिहिताना जुन्या मोजणीचं वर्णन आलं तेव्हा हात आपोआप चालला. चौतीस वर्षांपूर्वीची वाक्यं तोंडपाठ होती. आपलीच वाक्यं आपण चोरतोय, हे कोणाच्या लक्षात येतं?

आता हे सिद्ध करायला माझ्याकडे काय आहे? काही नाही. आणि सिद्ध करायचं म्हणजे सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाकडे बोट दाखवायचं. त्यापेक्षा लेख मागे घेतलेला बरा. नोंद होणार असेल तर होऊ दे. माझा पहिला आणि शेवटचा लेख. इतर पत्रिकांना कळवून काय होणार, मी कुठे दुसरा लिहिणार आहे?

तुझी,
उंट


३१ मार्च

प्रिय उंटा,

तुझं पत्र जिन्यात उभं राहून वाचलं, अकराव्या पायरीवर. चष्मेवाला खालून विचारत होता, "बाई, बरं वाटत नाही का?"

आधी ऑफिसचं. संपादकबाईंना मी सांगितलं, ही माझी बालमैत्रीण आहे, मी फाइल खाली ठेवते. त्यांनी ती स्वतःकडे घेतली. आता तिच्यात काय चाललंय ते मला कळणार नाही, आणि कळलं तरी तुला सांगता येणार नाही. एवढं मात्र त्यांनी तुला कळवायला सांगितलंय, की लेख मागे घ्यायचं तुझं पत्र त्यांनी अजून मान्य केलेलं नाही. एकवीस दिवस नव्याने मोजतील.

'नोंद होऊ दे' म्हणे! तुला लाज वाटत नाही? नववीपासून तुझी हीच खोड. दुसऱ्याचं आपल्या अंगावर घ्यायचं आणि वर संतासारखं बघायचं. मला तेव्हाही राग यायचा आणि आता जास्त येतो. तुझ्या सरांचाही आलाय, आणि तो तू सांगितलंस तरी जाणार नाही. तीन वेळा घरी आले म्हणतेस. चौथ्यांदा यायचं होतं, वही घेऊन.

आता एक प्रश्न, मैत्रीण म्हणून. तुझा लेख मी नावाशिवाय वाचला होता, तेव्हा एका ओळीपाशी अडले होते. तू लिहिलंयस, 'पूर्वीच्या प्रत्येक मापातून एक सेंटिमीटर वजा केला आहे.' का, ते लिहिलंच नाहीस. तेव्हा मला वाटलं, चोराने आकडे जुळवण्यासाठी हिशेब वाकवला. त्याचीही एक रेघ मारली होती.

परवा भाजी चिरताना हात थांबला. उंटा, भिंत मोजायला तू कुठली पट्टी घेऊन गेली होतीस?

मुंगी


८ एप्रिल

प्रिय मुंगे,

तीच.

तू नववीत माझी लाकडी पट्टी घेतलीस, तुझ्या कंपासपेटीचं अडकलेलं झाकण उचकटायला. टोक काडकन मोडलं. सिस्टरांनी विचारलं, कोणी तोडली? मी म्हटलं, माझ्याच हातून. तास संपेपर्यंत उभी होते. (लांब असल्याने मागच्यांना फळा दिसेना, म्हणून शेवटी बसवलं.) घरी वडिलांनी टोक करवतीने बरोबर एकच्या रेघेवर कापलं आणि कानस मारून गुळगुळीत करून दिलं. इतकं छान, की तुटलेली आहे हे कळायचंच नाही. शाळेत असताना आठवणीने एक वजा करायचे. पुढे पट्टी शिवणाच्या डब्यात गेली. सव्विसाव्या वर्षी घाईत तीच उचलली, आणि ती आठवण डब्यातच राहिली.

एकशे बारा मापं, मुंगे. प्रत्येक एक सेंटिमीटर जास्त.

कळलं कधी? गेल्या वर्षी. नवीन पट्टीने मोजलं. एकशे बारांतली एकाहत्तर वर्तुळं शिल्लक आहेत. आणि ती जवळपास सगळी जशीच्या तशी! चौतीस वर्षांत एका केसाचीही वाढ नाही. मी त्या भिंतीसमोर बसून रडायचीच बाकी होते. वाटलं, बाई, तुझ्यासारखीच ही दगडफुलं, जागच्या जागी बसून राहिली. मग एक दिवस भाचीच्या परकराला पट्टी लावायला शिवणाचा डबा उघडला, आणि जुनी पट्टी हातात आली. सुरुवातीला आकडा एक. शून्य नाहीच.

वाढली होती ग. सगळी वाढली होती. चौतीस वर्षांत साधारण एक सेंटिमीटर. नेमकं तेवढं, जेवढं तू तोडलंस.

लेखात कारण लिहिलं नाही, कारण लिहिलं तर सरांच्या छापलेल्या लेखातले आकडे चुकले हे सांगावं लागतं, आणि त्यांच्या लेखातली चूक मला कशी माहीत, हेही सांगावं लागतं. म्हणून एकाच ओळीत आवरलं. मी तपासनीस असते तर मीही रेघ मारली असती.

पट्टी रजिस्टर टपालाने पाठवते आहे. हरवू नकोस. तोडू तर मुळीच नकोस.

तुझी,
उंट


५ मे

प्रिय उंटा,

आता सगळं सांगता येतं, म्हणून लांबलचक लिहिते. चहा घेऊन बस.

पट्टी आली त्या दिवशी मी ती थेट संपादकबाईंच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "मी या फाइलची तपासनीस नाही. पण साक्षीदार आहे. ही पट्टी मी तोडली."

त्यांनी पट्टी उलटून बघितली. "कधी?"

"नववीत."

बाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, सहसा हसत नाहीत. त्यांनी कपाटातून चौतीस वर्षांपूर्वीचा अंक काढला. सरांच्या लेखात एक फोटो आहे, तुला आठवतो का? एक वर्तुळ, आणि आकार कळावा म्हणून शेजारी धरलेली पट्टी. पट्टी धरलेला हात दिसतो, लांब बोटांचा. बाईंनी भिंग लावलं. पट्टीच्या टोकाला आकडा एक. सातच्या खाली शाईचा डाग. मग तुझी पट्टी शेजारी ठेवली. एक. सातच्या खाली डाग. (तो डागही माझाच. भूगोलाच्या तासाचा.)

चौतीस वर्षं तो फोटो छापील पडून होता. परीक्षकांनी बघितला, मुद्रितं वाचणाऱ्यांनी बघितला, मी स्वतः फेब्रुवारीत पेन्सिल घेऊन बघितला. पट्टीचं टोक कोणीच वाचलं नाही.

बाईंनी मग सरांचा तक्ता काढला. एकशे बारा वर्तुळांत एक सेंटिमीटरहून लहान एकही नाही. त्या म्हणाल्या, "जिथे मोठी आहेत तिथे बाळंही असतातच. तेव्हाच विचारायला हवं होतं कोणीतरी." म्हणजे आकडे त्या पट्टीचे, आणि पट्टी तुझी. पण वाक्यं? ती कोणाची, हे पट्टी सांगत नव्हती.

रागावू नकोस, पण बाईंनी सरांना पत्र लिहिलं. मी सांगून नव्हे, तो नियमच आहे. आरोप काही नाही, फक्त विचारलं, त्या भिंतीच्या मोजणीबद्दल काही आठवतं का? चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन. तिने पत्र वाचून दाखवलं. सरांनी ते पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "ती लांब मुलगी? तिला वरच्या दगडांसाठी शिडी लागायची नाही." आणि थोड्या वेळाने, "तिची वही कपाटात आहे. तिसऱ्या फळीवर. परत द्यायची राहिली."

सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही त्या माणसाला!

वही आली. तुझं ते तिरपं अक्षर, शाळेत असल्यापासून वाऱ्यात उभं असल्यासारखं. 'दगडफुलाला घाई माहीत नाही' बाविसाव्या पानावर आहे, खाली तारीख, समासात सरांची बरोबरची खूण. तारीख लेख छापला त्याच्या चौदा महिने आधीची. वहीसोबत मुलीच्या हातची चिठ्ठी होती, सरांनी सांगून लिहवलेली: 'मोजलं तिने, लिहिलं तिने. तेव्हा असंच करायचे, हे कारण आहे, उत्तर नाही.'

ती चिठ्ठी वाचून माझा राग निम्मा उतरला. उरलेला ठेवलाय.

तर निर्णय असा. तुझ्यावर नोंद नाही. जुन्या लेखाची दुरुस्ती छापायची: लेखकांत तुझं नाव, आणि प्रत्येक मापातून वजा एक सेंटिमीटर, कारणासह. सरांची लेखी संमती आली आहे. तुझा नवा लेख दोन जागी सुधारून पाठव. जुनी वाक्यं अवतरणचिन्हांत घाल, पुढे तुझ्या जुन्या लेखाचा दाखला दे. हो, स्वतःचंसुद्धा सांगून घ्यायचं असतं. आणि पट्टीचं कारण लिही, पूर्ण. मग तो परीक्षकांकडे जाईल. तिथे पास की नापास, ते तुझं तू बघ. मी अजूनही बाजूलाच आहे.

आणखी एक. लेखासोबत आम्ही आता एक नवा कागद भरून मागणार आहोत. मोजलं कोणी, लिहिलं कोणी, फोटो कोणी काढले, कोणाचं नाव राहिलंय का. सव्वीस वर्षं मी पुढच्या दाराने येणारे चोर पकडत बसले. मागच्या दाराने कोणाकोणाची नावं निघून गेली, तिकडे बघितलंच नव्हतं. कोणत्या प्रोग्रॅमला ते रंगवता येणार होतं?

फेब्रुवारीच्या पत्राबद्दल माफी मागायची होती. तीन वेळा लिहिली, तिन्ही वेळा खोटी वाटली. म्हणून ती सोडून वेगळं काहीतरी पाठवते आहे. तुझी पट्टी, वही, आणि सोबत एक नवी लाकडी पट्टी. नववीत देते म्हणाले होते. शून्यापासून आहे, दुकानदाराकडून भिंगाने तपासून घेतली.

तुझी,
मुंगी


२० जून

प्रिय मुंगे,

नवी पट्टी मिळाली. सत्तेचाळीस वर्षांत टपालखात्याने केलेला हा विक्रम असावा.

परीक्षकांचं उत्तर आलं. एकाने लिहिलंय, लेखिकेची भाषा शास्त्रीय लेखाला जरा जास्तच सुंदर आहे. भाचीने ते कापून फ्रिजवर चिकटवलंय. सप्टेंबरच्या अंकात येईल. आभारात तू आहेस. तुमच्या नव्या कागदावर 'कोणी काय केलं' असं विचारलंय, म्हणून खरं तेच लिहिलं: 'पट्टी तोडल्याबद्दल, आणि तसं वेळेवर सांगितल्याबद्दल.' संपादकबाईंनी ते खोडलं नाही.

पत्र लिहायला उशीर झाला, कारण मधे सरांकडे जाऊन आले. जाऊ की नको करत होते. त्यांच्या मुलीनेच बोलावलं. सर चाकाच्या खुर्चीत, पायावर शाल. माझ्याकडे मान वर करून बघत म्हणाले, "अजून लांबच आहेस." मग म्हणाले, "भिंत बघायची आहे."

आम्ही दोघींनी त्यांना टाकीपाशी नेलं. सकाळची वेळ, ऊन अजून भिंतीवर आलं नव्हतं. माफीची वाट बघत होते का मी? थोडी बघत होते, खोटं कशाला सांगू. त्यांनी हात पुढे केला, "पट्टी."

पिशवीत दोन्ही होत्या. मी जुनी दिली. त्यांनी ती खालच्या ओळीतल्या एका वर्तुळाला लावली. एका हाताने जमेना, म्हणून दोन्ही हातांनी धरली. डोळे बारीक करून वाचलं, "चार पूर्णांक सहा." मी वही उघडून लिहायला घेतलं. तेवढ्यात ते म्हणाले, "थांब. एक वजा." आणि बोटाने पट्टीचं टोक चाचपून बघितलं, जिथे वडिलांची कानस फिरली होती तिथे.

मग पट्टी माझ्या हातात दिली आणि वही मागितली. म्हणाले, "उलट करू या. तू मोज, मी लिहितो."

नऊ वर्तुळं मोजली, मुंगे. नववं होईतो ऊन आलं आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी यायला लागलं, उन्हाने किंवा कशाने. घरी येऊन वही उघडली. नऊ आकडे, वेडेवाकडे, पण बरोबर. वर तारीख. आणि सगळ्यांत खाली, कोणी न सांगता, 'मोजणारी', आणि पुढे माझं पूर्ण नाव. एक अक्षर वाकडं गेलंय, ते पुन्हा गिरवलंय.

तुझी,
उंट